औषध कोणाच्या हाती?



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा कितीतरी अधिकाराने बोलू शकणारी मंडळी येथे पहिल्या दोन रांगांतच बसलेली आहेत. तेव्हा ते काम त्यांच्याकडेच ठेवून मी सरळ विषयाला हात घालतो. चालकांनी मला विषय दिला तो ‘आरोग्य आणि वैद्यक यांतील नवविचार’ असा. विषयाचे नाव ऐकताच आपल्या मनश्चक्षूंसमोर काय उभे राहिले असेल याची मला कल्पना आहे: पोट न फाडता शस्त्रक्रिया करणारी यंत्रे, जनुकांची दुरुस्ती, प्रयोगशाळेत वाढवलेले अवयव. त्या वाटेने मी जाणार नाही. एक तर मी डॉक्टर नाही, वैद्यकाच्या इतिहासाचा एक हौशी वाचक आहे. आणि दुसरे असे की, त्या इतिहासाची पाने चाळताना माझी जी समजूत झाली ती काहीशी निराळी आहे, आणि आज मला तीच आपल्यापुढे मांडावयाची आहे.

ती समजूत अशी. ज्या कल्पनांनी मरणाऱ्यांची संख्या खरोखर खाली आणली, त्यांपैकी पुष्कळशा कल्पना नव्या द्रव्याच्या नव्हत्याच. जे ज्ञान आधीच हाताशी होते ते कोणाच्या हाती द्यायचे, या जुन्या प्रश्नाचे नवे उत्तर देण्याचे धाडस कोणीतरी केले, एवढेच त्यांचे नावीन्य. मग पेनिसिलिन हे नवे द्रव्य नव्हते काय, असे कोणी विचारील. होते, आणि त्याचे उपकार मी नाकारीत नाही. पण पेनिसिलिनचे गुण गाणारे पुष्कळ आहेत. ज्यांचे गुण गायला कोणी नाही त्यांच्यासाठी आजची संध्याकाळ राखून ठेवू या.

आरंभ आपल्याच मुलखापासून करतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी दिसू लागले, आणि हा ताप म्हणजे प्लेग होय, असे निदान डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी केले. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईस येऊन दाखल झाले. हे गृहस्थ ओडेसाचे, निसर्गविज्ञानाचे पदवीधर, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले. वैद्यकीची पदवी मात्र त्यांच्यापाशी नव्हती. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात, मूठभर मदतनिसांच्या साह्याने त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी आपखुशीने पुढे आले त्यांना ती दिली. कल्पकता म्हणतात ती हीच, यात वाद नाही.

परंतु त्याच वर्षी, तिकडे पुण्यास काय चालले होते? प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेल्या रँडसाहेबांच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरत होते. माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली यांचा मुलाहिजा न ठेवता झडती घेत होते. संशयिताला उचलून छावणीत नेत होते, सामानसुमान जाळीत होते. विलगीकरण, निर्जंतुकीकरण, घरोघर तपासणी हे उपाय केवळ साथशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर सर्वस्वी चुकीचे होते असे मला म्हणता येणार नाही, आणि हे वाक्य पुण्याच्या काही श्रोत्यांना रुचणार नाही हे जाणूनच मी ते बोलत आहे. चूक उपायात फारशी नव्हती. ज्या बंदोबस्तात लोकांना तपासले जाण्यापलीकडे दुसरे कामच ठेवलेले नव्हते, त्या बंदोबस्तात ती होती. परिणाम इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आहेच: २२ जूनची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता आणि रँडसाहेबांवर झाडलेली गोळी. याच पुण्यात, शहराबाहेर, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होते, आणि त्या शुश्रूषेतच लागण होऊन १० मार्च रोजी सावित्रीबाई गेल्या. सरकारच्या दप्तरी प्लेग कमिटी होती, फौज होती, खर्चाची मंजुरी होती. सावित्रीबाईंसारख्यांना त्या सबंध व्यवस्थेत कोठे जागा आहे काय, हा प्रश्न कोणा अधिकाऱ्याला पडल्याचे दिसत नाही.

तो प्रश्न अगदी विपरीत परिस्थितीत पडला तो पाऊणशे वर्षांनी, बंगालमध्ये. येथे मी जरा थांबून बोलणार आहे.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. पावसाळा तोंडावर होता, छावण्यांत पाण्याची दैना होती, आणि अशा ठिकाणी जो पाहुणा न बोलावता येतो तो कॉलरा आला. जूनच्या अखेरीस डॉ. दिलीप महालनबीस हे कलकत्त्याचे बालरोगतज्ज्ञ आपले पथक घेऊन सीमेवरच्या बनगाव येथे पोचले. तेथल्या रुग्णालयाच्या दोन खोल्या रोग्यांनी भरून गेलेल्या, रोगी जमिनीवर पडलेले, आणि जमीन अशी की शिरेत सुई घालायची तर जुलाबाच्या आणि ओकारीच्या थारोळ्यात गुडघे टेकूनच बसावे लागे. कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. ते शिरेतून परत भरले तर तो वाचतो, हे ज्ञान नवे नव्हते, स्कॉटलंडात टॉमस लाटा यांनी १८३२ सालीच ते करून दाखविले होते. पण बनगावास शिरेतून भरावयाचे पाणी संपत आले होते, आणि पथकात ते भरण्याचे शिक्षण घेतलेली माणसे होती दोन. दोन दिवसांत महालनबीसांच्या ध्यानात आले की या मार्गाने ही लढाई आपण हरणार.

आता शास्त्र काय सांगत होते ते पाहा. आतड्याच्या अस्तरात मीठ आत ओढून घेणारी एक वाट अशी आहे की तिला ग्लुकोजची सोबत लागते, आणि मिठामागोमाग पाणीही आत जाते. कॉलऱ्याच्या विषाने पाणी बाहेर फेकले जात असतानाही ही वाट शाबूत राहते. या क्रियेचे मर्म रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडले. त्याही आधी, १९५३ साली, कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी मीठ आणि ग्लुकोज तोंडावाटे देऊन कॉलऱ्याच्या १८६ रोग्यांवर उपचार केल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले होते, आणि शास्त्रीय जगताने तिकडे जवळजवळ पाठच फिरविली होती. १९६८ साली डाक्क्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी दाखवून दिले की, हे पेय पाजल्यास शिरेतून द्यावयाच्या पाण्याची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते. म्हणजे ज्ञान होते, प्रयोग होते, पुरावा होता. मग अडले कोठे? अडले ते एवढ्याच गोष्टीवर की, हे सारे प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली, रुग्णालयात, मोजमाप ठेवून करावयाचे असते, ही समजूत कोणी ओलांडावयास तयार नव्हते.

महालनबीसांनी ती ओलांडली. खुशीने ओलांडली असे नव्हे. दुसरा इलाज राहिला नव्हता. कलकत्त्यातील त्यांच्या संशोधन केंद्रात बसून सहकाऱ्यांनी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, अशा लिटरमागच्या प्रमाणाने पुड्या बांधण्याचा सपाटा लावला. प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद केली जात. लिटरमागे खर्च आला अकरा पैसे. पुड्या बनगावास नेऊन तोट्या लावलेल्या पिपांत पाणी कालवले, आणि रोग्याच्या आईला, बापाला, बहिणीला सांगितले की पेला भरा आणि पाजत राहा. लोकांचा ‘सलाईन’वर विश्वास होता, म्हणून हे पाणी म्हणजे तोंडाने घ्यावयाचे सलाईनच होय असे त्यांना समजावण्यात आले, या चातुर्याबद्दल कोणी त्यांना दोष देईल असे मला वाटत नाही. कॉलऱ्याचा रोगी स्वतः तहानेने व्याकुळ असतो आणि पाणी भरून आले की त्याची तहान ओसरते, त्यामुळे किती पाजायचे हे बहुधा तोच सांगे. तज्ज्ञांना ज्या मोजमापाची एवढी धास्ती होती, त्यातले पुष्कळसे त्याच्या तहानेनेच निभावून नेले. सुमारे ३,७०० रोगी अशा रीतीने हाताळले गेले, आणि तेथील मृत्यूचे प्रमाण, जे ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ३.६ टक्क्यांवर आले.

आपण म्हणाल, आता तरी जगाने डोक्यावर घेतले असेल! छे. लेख नामांकित नियतकालिकांनी परत केला. शेवटी १९७३ साली तो जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय पत्रिकेत निघाला. तज्ज्ञांचे म्हणणे असे की हे काम अडाण्यांच्या हाती देणे धोक्याचे. त्याच ‘लॅन्सेट’ने १९७८ साली या उपचाराच्या मुळाशी असलेल्या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरात वारले आणि पुढच्या जानेवारीत त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले. मरणोत्तर सन्मानाची आपली परंपरा अबाधित आहे, एवढेच त्यावर म्हणतो.

या गोष्टीचे एक उपकथानक सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पुढे १९८० पासून दहा वर्षे, बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या खेड्यापाड्यांतून सव्वा कोटीच्या आसपास घरी गेल्या. हातात पुडीसुद्धा नव्हती. अर्धा शेर पाणी, तीन बोटांत येईल एवढी मिठाची चिमूट, आणि मूठभर गूळ, एवढे आईकडून तिच्याच चुलीपाशी, तिच्याच भांड्यात करवून घ्यावयाचे. कार्यकर्तीचा पगार ठरे तो तिने किती घरे केली यावरून नव्हे. काही आठवड्यांनी तपासनीस येई, निवडक आयांना प्रश्न विचारी, त्यांनी केलेले पाणी तपासायला नेई. आईला जेवढे आठवे तेवढा कार्यकर्तीचा मेहनताना. आमच्या विद्यापीठांत प्राध्यापकांचा पगार या तत्त्वावर ठरवावयाचा झाला तर काय हाहाकार उडेल, याची कल्पना या सभागृहातील प्राध्यापक मंडळींनी खुशाल करावी!

आता दुसरा मुद्दा. पाणी पाजणे आईच्या हाती दिले, ठीक; पण निदानाचे काय? बाळंतपणाचे, क्षयाचे, कुष्ठरोगाचे काय? त्यासाठी तरी शिकलेला माणूसच हवा ना?

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य नगर जिल्ह्यातील जामखेडास येऊन राहिले. तालुका अवर्षणाचा, दारिद्र्याचा. प्रथम त्यांनीही शिकलेली माणसेच नेमून पाहिली. परिचारिकांना खेड्यांत धाडले. ते जमेना. परक्या गावात एकटीने राहणे त्या मुलींना नकोसे, आणि गावालाही त्यांचे सांगणे परके. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी आणि तिला शिकवावे, असे ठरले. निवडल्या गेलेल्या बायांपैकी बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. आठवड्याला जामखेडास यायचे, एकत्र जेवायचे, एकत्र निजायचे, शिकायचे आणि गावी परतायचे. याच बाया पुढे बाळंतपणे करू लागल्या, मुलांची वजने करू लागल्या, कुष्ठाचा चट्टा ओळखू लागल्या. १९७१ साली या प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदीच्या दशकात तो आकडा तिसाच्या खाली आला.

जामखेडची एक हकिगत मला फार आवडते. दुष्काळात विंधनविहिरी खोदण्याचे काम निघाले, तेव्हा आरोळ्यांनी जागा अशा पाहिल्या की हातपंप दलित वस्तीत यावेत. पाणी हवे असेल तर सबंध गावाला तेथे जाणे प्राप्तच. अस्पृश्यतेवर भाषणे देणारे आपल्यात उदंड झाले. भूगर्भशास्त्राला असे कामास लावणारा डॉक्टर विरळा. आणि हे वैद्यक नव्हे असे कोणी म्हणू नये, कारण ज्या गावात दलित बाईच्या हाताचे पाणी चालत नाही, त्या गावात तिच्या हाताचे औषध कसे चालावे? १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातून चालणाऱ्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक काढले त्यात जामखेडचे प्रकरण आहे, आणि प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या १९७८ च्या आल्माआटाच्या जाहीरनाम्यामागे जी थोडी उदाहरणे होती त्यांत जामखेडचे स्थान मोठे आहे. नगरकरांना याची जाणीव असावी तेवढी नाही, असे माझे मत आहे.

तिसरा मुद्दा गडचिरोलीचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. कारण येथे प्रश्न आला सुईचा.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग नागपुरात शिकून, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर गडचिरोलीत आले. ‘सर्च’ ही त्यांची संस्था. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांत कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला; आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. हा निबंध १९८९ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा अर्थ सरकारदरबारी एकच होता: बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. त्या दोहोंच्या मधली स्त्री कोणाला दिसलीच नव्हती. ती दिसण्यासाठी नवे यंत्र लागले नाही; विचारावे असे कोणाला तरी वाटावे लागले.

रुग्णालय बांधायचे ठरले तेव्हा आदिवासींना विचारले की तुम्हाला दवाखान्याची भीती का वाटते. पांढऱ्या कपड्यांची वाटते, ते म्हणाले, कारण प्रेत पांढऱ्यात गुंडाळतात; नातेवाइकांना बाहेर ठेवतात, याची वाटते. मग शोधग्राम या ‘सर्च’च्या वसाहतीतले रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे झाले, आणि त्याला नाव मिळाले ते दंतेश्वरी मातेचे.

पण मला सांगायचे आहे ते श्वास मोजण्याच्या साधनाविषयी. मुलाला न्यूमोनिया आहे की साधा खोकला, हे ओळखण्याची एक खूण म्हणजे मिनिटातील श्वासांची संख्या. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास साठापर्यंत गेला, त्याहून मोठ्या तान्ह्याचा पन्नासापर्यंत गेला, तर धोका. खूण सोपी, पण दाईला साठापर्यंत मोजता येत नाही, आणि मनगटावर घड्याळ नाही. तिला मोजता येते दहा-बारापर्यंत. अशा वेळी आपण काय केले असते? साक्षरतेचा वर्ग काढला असता. बंगांनी एक पाटी केली: तीवर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ, आणि ओवलेले मणी. वाळू उलटी करायची, पोटाच्या हालचालीवर नजर ठेवायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर पोचलो तर औषध सुरू. तान्ह्याचा श्वास मुळातच जलद, म्हणून अगदी लहान बाळांसाठी मण्यांची ओळ निराळी. दाईच्या अज्ञानाची लांबी किती आहे हे मोजत बसण्याऐवजी, तिला जे येते त्याच्या मापाने शास्त्र कापून शिवणे, हे शिंपीकाम मला कोणत्याही थोर शोधाइतके मोलाचे वाटते.

पुढची पायरी नवजात बालकांची. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जी बालके जातात त्यांना वाचवायचे तर रुग्णालयच हवे, असे त्या वेळचे शास्त्र सांगे. आणि रुग्णालयात जाणारे कोणी नव्हते. बंगांनी ३९ गावांतील स्त्रियांना तयार केले. बाळंतपणाच्या वेळी हजर राहायचे, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, वजन करायचे, ऊब द्यायची, अंगावर पाजायला शिकवायचे. आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली व आईबाप रुग्णालयात जात नसतील तर जेंटामायसिनचे इंजेक्शन टोचायचे. थोडे शिकलेल्या खेडुत बाईने नवजात बालकाला इंजेक्शन द्यायचे! विरोध झाला, आणि तो सारा धंद्याच्या मत्सरातून झाला असे मी म्हणणार नाही. विचारी डॉक्टरांनाही तेथे शहारा आला. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: शेजारच्या ४७ तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी.

आता आक्षेपाकडे येतो, कारण तो टाळून मला खाली बसता येणार नाही. औषध सामान्यांच्या हाती द्या म्हणणे आणि भोंदूगिरीला मोकळे रान देणे, यांत अंतर कोठे? ज्या देशात कोपऱ्यावरचा दुकानदार सर्दीला प्रतिजैविके देतो, तेथे हा प्रश्न उपस्थित करणाऱ्याला मूर्ख म्हणता येणार नाही. माझे उत्तर असे की, वर सांगितलेल्या तिन्ही ठिकाणी हाती दिले गेले ते औषध एकटे नव्हते. त्याच्याबरोबर मर्यादा दिली होती, शिक्षण दिले होते, आणि मृत्यूची मोजणी दिली होती. गडचिरोलीत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदला जात होता. भोंदू असली नोंद ठेवीत नाही. आणि आमची मोठमोठी रुग्णालयेही ती कितपत उघड करतात, हा प्रश्न मी येथेच सोडतो.

दुसरा आक्षेप मात्र मला स्वतःला अधिक छळतो. ही कल्पना सरकारला फार लवकर आवडली. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ ही गावची आरोग्यकार्यकर्ती आली, २०११ साली नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याची योजना देशभर लागू होऊन ते काम तिच्याकडे आले. आनंदाची गोष्ट. परंतु ज्या कल्पनेचे सार असे होते की, गावातल्या बाईच्या हातात ज्ञान आणि अधिकार द्यावेत, तिचे सरकारी भाषांतर असे झाले की, गावातली बाई स्वस्तात मिळते. जामखेडच्या बाईला आठवड्याचे शिक्षण होते. ‘आशे’ला आठवड्याचे फॉर्म आहेत. तिला कर्मचारी म्हणावयाचे नाही, स्वयंसेविका म्हणावयाचे; पगार द्यावयाचा नाही, कामाप्रमाणे मोबदला द्यावयाचा; आणि मोबदला वाढवून मागण्यासाठी ती मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसली की, सेवाभाव कोठे गेला म्हणून विचारावयाचे. सेवाभावाची अपेक्षा खाटेमागे शुल्क आकारणाऱ्या रुग्णालयांकडून कोणी करीत नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो.

एकच हिशेब सांगतो. रुग्णालयात जन्मून घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाऊन पाहायचे. वजन, ताप, नाळ, पाजणे सारे तपासायचे, नोंदवायचे. या सहा भेटींचे मिळून त्या योजनेत ठरले २५० रुपये, म्हणजे भेटीमागे बेचाळीस रुपयेही पडले नाहीत. हा दर कोणत्या टिपणीवर, कोणाच्या सहीने मंजूर झाला, आणि ठरविताना एखाद्या ‘आशे’ला त्या बैठकीस बोलाविले होते काय, हे सभागृहात बसलेल्या निवृत्त अधिकाऱ्यांपैकी कोणास ठाऊक असेल तर त्यांनी प्रश्नोत्तरांच्या वेळी अवश्य सांगावे. अध्यक्षांनी दिलेली वेळ संपत आली आहे. प्रश्नांसाठी ती मोकळी करून मी आपली रजा घेतो.